गुलछडीचे वीस केस

“हात मागं घ्या, ताई. हात दिसला की तिला वाटतं, काय तरी खायला आणलंय,” दस्तगीरमामा म्हणाले.

मी हात मागे घेतले. एका हातात चिमटा होता, दुसऱ्यात कागदी पाकीट आणि परवानगीच्या पत्राची झेरॉक्स. समोर पिंजऱ्यात गोणपाटावर पाय पसरून गुलछडी बसली होती. न्यू पारिजात सर्कशीची एकुलती एक चिंपांझी. तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि मग खालपासून पुन्हा वरपर्यंत. मुलगी बघायला आलेल्या बायका बघतात ना, अगदी तसं. मग ती सावकाश उठली, कोपऱ्यातल्या बादलीशी वाकली, पाणी प्यायली आणि परत येऊन आपल्या जागेवर बसली.

“गरीब दिसते,” मी म्हणाले.

“बाजूला व्हा!” मामा ओरडले.

उशीर झाला होता. ते पाणी ती प्यायलीच नव्हती. गालात धरून बसली होती. चार हातांवरून तिने सोडलेली पिचकारी नेमकी माझ्या चष्म्यावर बसली. तोंड झाकायला मी हात पुढे केले, तर उरलेलं पाणी नाकावरून ओघळून परवानगीच्या पत्रावर पडलं. गुलछडी दोन्ही हातांनी गज धरून उड्या मारायला लागली आणि तिच्या त्या किंकाळ्यांनी पलीकडे बांधलेली उंटीण उठून उभी राहिली.

ही तेवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मी, वसुधा मगदूम, मूळची जयसिंगपूरची, तेव्हा पुण्यात पीएच.डी. करत होते. माझे मार्गदर्शक डॉ. नूलकर केसांवर काम करत. त्यांच्या स्वतःच्या डोक्यावर एकही केस नव्हता, आणि त्यावर विनोद करायची लॅबमध्ये कोणाची छाती नव्हती.

आम्ही शोधत होतो ते थोडक्यात असं. केस केराटिन नावाच्या प्रथिनांचे बनतात आणि ती कशी बनवायची, हे आपल्या जनुकांत लिहिलेलं असतं. त्यातलं एक जनुक माणसात आहे, पण निकामी. मधेच एका अक्षराची चूक झालेली आहे आणि वाक्य तिथेच तुटतं. चिंपांझीत आणि गोरिलात तेच वाक्य शेवटपर्यंत पूर्ण आहे. असं एका परदेशी गटाने नुकतंच छापलं होतं. त्यांच्या मते माणसातली ही मोडतोड तशी अलीकडची होती, म्हणजे माणूस माणूस झाल्यानंतरची.

“दुसऱ्याने सांगितलं म्हणून मान डोलवायची असेल तर कीर्तनाला बसावं,” नूलकर सर म्हणाले. “आपण आपला चिंपांझी बघू.”

आपला चिंपांझी शोधायला दोन महिने गेले. सर्कशीतले वाघ-सिंह सरकारने नेले होते. ही म्हातारी तेवढी राहिली होती, कारण तिला कुठे ठेवायचं याचे कागद या टेबलावरून त्या टेबलावर फिरत होते. ती आता खेळ करत नव्हती. सकाळ-संध्याकाळ तिला सांभाळणाऱ्या दस्तगीर शिकलगार यांच्या हातचं खायची आणि दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्यांची परीक्षा घ्यायची. मामा तासगावचे. पन्नाशी ओलांडलेली, डोक्याच्या केसांना मेंदी आणि कानांवर काळ्याभोर राठ केसांची झुपकी, इतकी दाट की टोपी घातली तरी ती दोन्हीकडून बाहेर डोकवायची. गुलछडी पिल्लू असताना त्यांच्याकडे आली आणि त्यांच्याकडेच म्हातारी झाली.

आमच्या पत्रात स्पष्ट लिहिलं होतं: वीस केस, मुळासकट, जनावराला इजा न करता. मुळासकट कशाला, तर केसाच्या मुळाशी जिवंत पेशी असतात आणि डीएनए तिथून मिळतो. शिवाय सरांचा एक कडक नियम होता. नमुना ज्याच्या नावावर, त्याने तो स्वतः घ्यायचा. लॅबच्या वहीत त्यासाठी एक रकानाच होता: ‘केस कोणी काढले’.

मी चष्मा ओढणीने पुसला आणि पिंजऱ्याकडे एक पाऊल टाकलं. गुलछडीने बादली उचलली.

“ताई,” मामा म्हणाले, “आज तिचा मूड न्हाई. तुम्ही असं करा, त्या गाड्यावर जावा. गरम भजी काढत्यात. तवर मी काढून देतो.”

“पण मीच काढायचे असतात.”

“मग काढा की.” मामा बाजूला झाले.

बादली माझ्याकडे रोखलेली होती. मी पाकीट आणि चिमटा मामांच्या हातात दिला.

सर्कशीचा तळ तेव्हा कराडला होता. मैदानाच्या फाटकाशी एक गाडा होता. मी मिरचीची भजी घेतली, मग चहा घेतला, मग वाट बघताना आणखी भजी घेतली. अर्ध्या तासाने मामा आले. पाकिटात मोजून वीस केस होते. काळे, जाड, राठ, आणि प्रत्येकाच्या टोकाला मूळ, बारीक पांढऱ्या ठिपक्यासारखं. मी आनंदाने पाकिटाला डिंक लावला, मांडीवर वही उघडली आणि त्या रकान्यात लिहिलं: ‘स्वतः. वसुधा मगदूम.’ मामा माझ्या खांद्यावरून बघत होते. त्यांना वाचता येतं की नाही, हा विचार माझ्या मनाला शिवलाही नाही.

“झालं?” त्यांनी विचारलं.

“झालं. फार उपकार झाले, मामा.”

“कसले वो उपकार,” मामा म्हणाले आणि का कोण जाणे, कान चोळत परत गेले.

---

निकाल आला तेव्हा मी तो तीनदा वाचला आणि धावत सरांच्या खोलीत गेले.

गुलछडीचं जनुक मोडलेलं होतं. अगदी त्याच जागी, त्याच अक्षराला, जिथे माणसाचं मोडतं.

सरांनी कागद घेतला आणि एक-एक अक्षराखाली पेन्सिल सरकवत वाचला. तेवढ्या तुकड्यात माणूस आणि चिंपांझी यांच्यात चार-पाच अक्षरांचा तरी फरक असायला हवा होता. एकाही अक्षराचा नव्हता.

“तुमचाच केस पडला असणार यात,” सर म्हणाले.

तसं असेल तर बघावं म्हणून आम्ही माझे केस तपासले. माझ्या तुकड्यात एका ठिकाणी निराळंच अक्षर होतं. म्हणजे तो केस माझा नव्हता. लॅबमधल्या इतर दोघींचाही नव्हता. सरांचा असण्याचा प्रश्नच नव्हता.

“हे केस तुम्ही स्वतः काढलेत?” सरांनी विचारलं.

“हो, सर.”

“तुमच्या हाताने? तिच्या अंगावरून?”

आता मागे फिरायला वाव होता. खरं सांगायचं तर भरपूर वाव होता. पण वहीत लिहिलेलं होतं, माझ्याच अक्षरात, आणि सर माझ्याकडे अशा आशेने बघत होते की तसं त्यांनी आधी कधी बघितलं नव्हतं.

“हो, सर. डाव्या दंडावरून,” मी म्हणाले.

दंड मी कुठून आणला, देव जाणे. खोटं एकदा सुटलं की त्याला आपोआप हात-पाय फुटतात, एवढंच मला त्या दिवशी कळलं.

सर उठून खिडकीशी गेले. “मग याचा अर्थ ही मोडतोड अलीकडची नाही. माणूस आणि चिंपांझी वेगळे होण्याच्याही आधीची आहे. निदान काही चिंपांझींत तरी ती आहे. म्हणजे त्यांचं सगळं गणित…” त्यांनी वाक्य सोडून दिलं. त्यानंतरचे आठ दिवस सर जिना चढताना गुणगुणत होते. पुढच्या महिन्यात बंगळुरूला परिषद होती. सरांनी गोषवारा पाठवला आणि त्यावर पहिलं नाव माझं घातलं.

“तुम्ही पिंजऱ्यात हात घातलात,” ते म्हणाले. “पहिलं नाव तुमचंच.”

मला त्या रात्री जेवण गेलं नाही.

दोन दिवस मी स्वतःची समजूत घालत होते की मामांनी केस काढले काय आणि मी काढले काय, केस तर गुलछडीचेच. पण माणसाशी एकाही अक्षराचा फरक नसलेली चिंपांझी मला डोळ्यांसमोर दिसेना. तिसऱ्या दिवशी मी आईला बरं नाही असं सांगून सुट्टी काढली आणि एस.टी.त बसले. आणखी एक खोटं. पण आता त्यांची मोजदाद ठेवण्यात अर्थ नव्हता.

---

सर्कस इस्लामपूरला हलली होती. मामा पिंजऱ्यासमोर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होते. एक दाणा स्वतःच्या तोंडात, एक गुलछडीच्या.

“या, ताई,” ते म्हणाले आणि त्यांनी डोक्यावरची टोपी काढली.

मी त्यांच्या कानांकडे बघत राहिले. डाव्या कानावर झुपका होता. उजवा कान नुकत्याच जन्मलेल्या बाळासारखा गुळगुळीत, आणि नव्या केसांचे जेमतेम दोन-तीन काळे ठिपके.

“मामा,” मी म्हणाले, “तुमचा उजवा कान.”

मामांनी पटकन टोपी घातली. मग काढली. मग हसू दाबायचा प्रयत्न केला, तो जमला नाही.

“एका कानात वीस भरले,” ते म्हणाले. “दुसऱ्याला हात लावायची पाळीच आली न्हाई.”

“अहो मामा! त्यावर आम्ही महिनाभर काम केलं! सर बंगळुरूला जाऊन सांगणार आहेत की चिंपांझीचं जनुक माणसासारखं आहे!”

“माझं हाय तसं?”

“तुमचं आहेच! तुम्ही माणूस आहात!”

“मग सरांनी बरोबरच वळखलं की,” मामा म्हणाले.

मी मट्‌कन एका खोक्यावर बसले. मला रडू येत होतं आणि हसूही येत होतं, आणि दोन्हींत आधी कोण येणार हे ठरेना.

“असं का केलंत, मामा? सरळ नाही म्हणायचं.”

मामांनी हातातली शेंग फोडली नाही, नुसती फिरवत राहिले. “एक उपटला मी. डाव्या दंडाचा. ती वरडली न्हाई, ताई. वरडली असती तर बरं झालं असतं. नुसतं माझ्याकडं बघितलं. बत्तीस वर्सांत मी तिला मारलं न्हाई, चाबूक दाखवला न्हाई. मालक म्हणायचे, दस्तगीर, तुझं जनावर लाडावलंय. आणि म्या तिचा केस उपटला, कुणाच्या तरी पाकिटात घालायला. ती म्हंत होती, तू पण? मग दुसरा माझ्याच्यानं झाला न्हाई.” त्यांनी दाणा गुलछडीला दिला. “आणि तुम्ही वीस सांगितले होते. वीस भरायला पायजे होते.”

“पण माझ्याशी खोटं?”

मामा माझ्याकडे बघून गोड हसले. “मला थोडं-थोडं वाचता येतं, ताई. तुमच्या वहीत काय लिवलं होतं, केस कुणी काढले म्हणून?”

गुलछडीने गजातून हात काढून माझी वेणी धरली आणि एक हिसडा दिला.

“तिला केस विंचरायला आवडतात,” मामा म्हणाले. “दुसऱ्याचे. पायजे असतील तिचे, तर आधी तुमचे द्यायला लागतील. वेणी सोडा. पाठ करून बसा. तिला तोंड नको, केस पायजेत.”

मी वेणी सोडली. माझे केस तेव्हा कमरेपर्यंत होते. मी गजांना पाठ लावून खोक्यावर बसले, आणि खरं सांगते, जन्मात इतकी घाबरले नव्हते. मग तिची बोटं आली. कोरडी, गरम, आणि आश्चर्य वाटावं इतकी हळुवार. तिने भांग पाडला, मोडला, दुसरीकडे पाडला. ओठांचा चप्‌चप्‌ आवाज करत ती एक-एक बट तपासत होती. मग तिने एक केस धरला आणि खचकन उपटला.

“आई गं!”

“वरडू नका, तिला राग येतो,” मामा म्हणाले.

पाऊण तास असाच गेला. तिने सात-आठ केस उपटले, कोंडा खाल्ला, आणि माझा रबर गिळायच्या बेतात असताना मामांनी तो काढून घेतला. मग अचानक तिने मला खांद्याला धरून वळवलं आणि गजातून आपला हात बाहेर काढला. दंड माझ्या नाकासमोर धरला.

“आता तुमची पाळी,” मामा म्हणाले आणि तोंड फिरवून उंटिणीकडे बघत उभे राहिले.

मी तिचे केस बाजूला करत गेले, जसं तिने माझे केले होते. घाईगडबड केली नाही. मग एक धरला आणि उपटला. तिने मान वळवली, माझ्याकडे बघितलं, हात माझ्या डोक्याकडे नेला आणि माझा एक उपटला. मग पुन्हा आपला दंड पुढे केला. असा आमचा व्यवहार चालला. नऊ केस झाल्यावर तिने हात आत घेतला आणि पाठ फिरवून झोपली. मी दहावा मागितला नाही.

मामांचेही तीन घेतले, या वेळी डोक्याचे, मेंदीने लाल झालेले. पाकिटांवर नावं घातली. त्यांचं पाकीट मी त्यांना वाचून दाखवलं.

“शिकलगार बरोबर लिवलंय न्हवं?” ते म्हणाले.

---

पुढच्या आठवड्यात दोन्ही निकाल आले. आधीचे वीस केस आणि मेंदीचे तीन केस एकाच माणसाचे होते. नऊ केसांतलं जनुक पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत शाबूत होतं. परदेशी गटाचं बरोबर होतं. गुलछडीचंही.

मी दोन्ही कागद सरांच्या टेबलावर ठेवले आणि उभं राहून सगळं सांगितलं. पिचकारीपासून कानापर्यंत. सरांनी मध्येच थांबवलं नाही. शेवटी चष्मा काढून बराच वेळ पुसला.

“पहिल्या वेळी हे केस काढले जात असताना तुम्ही कुठे होतात?”

“गाड्यावर, सर.”

“काय करत होतात?”

“भजी खात होते.”

“कसली?”

मला वाटलं, ओरडण्याआधी सर दम घेताहेत. “मिरचीची.”

“वहीत तसं लिहिलेलं नाही,” सर म्हणाले.

“माझं काम काढून घ्या, सर. मी समजू शकते.”

“ते सोपं आहे.” त्यांनी चष्मा घातला. “मी तुम्हाला दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारायला हवं होतं. नाही विचारलं, कारण तुमचं उत्तर मला आवडलं होतं. तेव्हा यात तुमची एकटीचीच चूक आहे असं समजू नका, तेवढा मोठेपणा मी तुम्हाला देणार नाही.” ते थोडा वेळ पेन्सिलीशी खेळत बसले. “गोषवारा गेलेला आहे. छापून झाला असेल. बंगळुरूला मी जाणार होतो, आता तुम्ही जा. वीस मिनिटं आहेत. जे झालं ते सांगा.”

“सगळं?”

“भज्यांसकट.”

त्यापेक्षा सरांनी मला काढून टाकलं असतं तर बरं, असं बंगळुरूच्या रेल्वेत मला दर स्टेशनावर वाटत होतं. व्यासपीठावर उभी राहिले तेव्हा समोर दोनशे माणसं होती आणि त्यांच्या हातात आमचा तो छापील गोषवारा होता. मी पहिल्या वाक्यात तो खोटा आहे म्हणून सांगितलं. दुसऱ्या वाक्यात, खोटा कोणामुळे, ते सांगितलं. मग पडद्यावर दस्तगीरमामांचा फोटो लावला, दोन्ही कान नीट दिसतील असा, त्यांना विचारून काढलेला. सभागृहात आधी कोणीतरी खोकलं. मग मागच्या रांगेत एकाला हसू फुटलं, आणि मग पाच मिनिटं माझं बोलणंच कोणाला ऐकू गेलं नाही. एक दाढीवाले गृहस्थ डोळे पुसत होते. चहाच्या वेळी तेच माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, “आमच्या अस्वलाचे केस कोणी काढले, ते आता घरी जाऊन विचारावं लागणार.”

पण त्याआधी प्रश्नोत्तरं झाली. पहिल्या रांगेत एक वयस्क बाई बसल्या होत्या, पांढऱ्या केसांच्या, सुती साडीतल्या. त्या एकट्याच हसल्या नव्हत्या.

“तुमच्या त्या माणसाने एक केस काढल्यावर थांबायचं का ठरवलं?” त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. मामा जे म्हणाले ते जसंच्या तसं, मला जमेल तशा इंग्रजीत.

“आणि तुम्ही पुन्हा नऊ उपटलेत.”

“मूळ लागतं, मॅडम. गळलेल्या केसाचं मूळ मेलेलं असतं. त्यातून काही निघत नाही.”

“निघत नाही, की तुम्ही काढून बघितलेलं नाही?”

मी काढून बघितलेलं नव्हतं. सरांनीही नाही. सगळे उपटत होते म्हणून आम्हीही उपटत होतो.

परत आल्यावर मी सरांना म्हणाले, “मला विषय बदलायचाय.”

“कशात?”

“गळलेल्या केसांत.”

“दोन वर्षं जादा लागतील.”

अडीच लागली. गळलेल्या केसाच्या टोकाशी आणि दांड्यात अगदी तुटपुंजा डीएनए असतो, तोही तुकडे-तुकडे झालेला. ते तुकडे जोडून वाक्य वाचायची रीत बसवताना माझी एकूण चाळीस-पन्नास वेळा तरी फजिती झाली. या अडीच वर्षांत मामा दर महिन्याला पोस्टाने पाकीट पाठवायचे. पिंजरा झाडताना गोणपाटावरून वेचलेले केस, आणि सोबत तिकीटबारीवरच्या कारकुनाच्या सुंदर अक्षरात लिहिलेली एखादी ओळ. ‘यातला एकही माझा नाही.’ ‘दोन लाल दिसतील ते माझे, चुकून पडले, काढून टाकावे.’ ‘गुलछडी बरी आहे, तुमची आठवण काढते, म्हणजे कोणी बाई आली की वेणीला हात घालते.’

माझा प्रबंध झाला. आज देशात कुठेही जंगलात झुडपाला अडकलेला केस सापडला की तो कोणाचा, हे विचारायला लोक माझ्याकडे पाठवतात. जनावराला कोणी पकडत नाही, बेशुद्ध करत नाही, हातही लावत नाही.

प्रबंध झाल्यानंतरच्या फेब्रुवारीत मामांचं आणखी एक पाकीट आलं. ते नेहमीपेक्षा फुगलेलं होतं. मी भिंगाखाली पहिला केस धरला. त्याला मूळ होतं. दुसऱ्यालाही होतं. सगळ्यांना होतं. चिठ्ठी या वेळी मामांनी स्वतः लिहिली होती, अक्षर वेडंवाकडं, वर-खाली गेलेलं. ‘आता तिला दुखत नाही. म्हणून काढले.’

मी दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीने निघाले. सर्कशीचा तळ विट्याजवळ होता. पिंजरा धुऊन उन्हात उलटा ठेवला होता आणि मामा त्याच्या सावलीत बसले होते. मी शेजारी बसले. पलीकडे कोणीतरी तंबूच्या खुंट्या ठोकत होतं.

“ताई, तिचं ते… काय म्हंता तुम्ही त्याला,” मामा म्हणाले. “शाबूत होतं न्हवं?”

“होतं, मामा.”

“सगळं? अखेरपत्तुर?”

“पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत.”

मामांनी मान हलवली. मग डोळे पुसले आणि माझ्याकडे वळले.

“आणि आपलं?”

“आपलं मोडलेलंच आहे. तुमचं, माझं, सरांचं. सगळ्यांचं.”

“ते तर दिसतंयच,” मामा म्हणाले आणि त्या दिवसात पहिल्यांदाच हसले.